अनुनय आणि अर्थवाद : वसई प्रांताच्या इतिहाससाधनांतील प्रवर्तक लेखनाचा विचार

१

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, वसईच्या पूर्वेस, चिंचोटी हे गाव आहे. तुंगारेश्वराची डोंगररांग आणि कामणदुर्ग यांच्या सान्निध्यात वसलेल्या या गावापासून एक रस्ता फुटतो, तो कामणवरून भिवंडीजवळच्या अंजूरफाट्यास जाऊन मिळतो. आज या रस्त्यावर मालवाहू गाड्यांची वर्दळ असते, आणि चिंचोटीचे नाव बहुतेकांस तेथील धबधब्यामुळे ठाऊक असते. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचे नाव अधिक बोलके वाटावे. अंजूर हे गंगाजी नाईक अंजूरकर यांचे गाव होय. पोर्तुगीजांच्या ताब्यातील साष्टी व वसई हा मुलूख मराठ्यांनी घ्यावा यासाठी पेशव्यांकडे ज्यांनी खटपट केली, त्यांत गंगाजी नाईक व त्यांचे बंधू, तसेच मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे हे प्रमुख होते. मार्च १७३७ मध्ये मोहिमेस आरंभ झाला, आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला चिमाजी आप्पांच्या स्वाधीन झाला.

या मोहिमेतील वेढे, सुरुंग आणि हल्ले यांचे वर्णन आजवर पुष्कळांनी केले आहे. त्याच्या मानाने एका गोष्टीकडे थोडे लक्ष गेले आहे. तलवार उचलली जाण्यापूर्वी ती उचलण्याची आवश्यकता कोणाला तरी पटवून द्यावी लागते. पटवून देण्याचे हे काम बोलण्याने होते, तसेच लिहिण्यानेही होते, आणि जे लिहिले गेले तेच पुढे इतिहासाचे साधन म्हणून आपल्या हाती येते. म्हणजे ज्या कागदांवरून घटना सिद्ध करावयाची, ते पुष्कळदा घटनेची नोंद ठेवण्याच्या हेतूने लिहिलेले नसून, वाचणाऱ्यास एखाद्या कृतीकडे वळविण्याच्या हेतूने लिहिलेले असतात. अशा लेखनास प्रस्तुत निबंधात 'प्रवर्तक लेखन' असे म्हटले आहे.

प्रवर्तक लेखनाच्या निरनिराळ्या युक्तींना नावे कोणती द्यावीत, हा प्रश्न वरवर पाहता साहित्यशास्त्राचा वाटतो. परंतु युक्ती ओळखता आली नाही तर अभ्यासक युक्तीलाच वस्तुस्थिती समजून बसतो, आणि म्हणून हा प्रश्न इतिहासाचाही आहे. ही नावे परभाषेतून उसनी आणण्याची आवश्यकता नाही. न्याय, मीमांसा, अर्थशास्त्र आणि आपला लोकव्यवहार यांत ती फार पूर्वीपासून विद्यमान आहेत, आणि उत्तर कोकणाच्या साधनांना ती लावून पाहिल्यास काही जुन्या वादांचा निवाडा अधिक न्याय्य रीतीने करता येतो, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

प्रथम परिभाषेचा विचार करू. मराठीत लेखनाच्या कौशल्याविषयी बोलताना आपण सामान्यतः अलंकारशास्त्राकडे वळतो. उपमा, अतिशयोक्ती, अर्थांतरन्यास, व्याजस्तुती ही नावे शालेय अभ्यासामुळे सर्वांस परिचित आहेत. पण अलंकारशास्त्र मुख्यतः काव्यासाठी रचले गेले. एखाद्या उक्तीस शोभा कशी येते हे ते सांगते. त्या उक्तीने वाचणाऱ्याचे मन कसे वळते हे सांगणे त्याच्या कक्षेत क्वचितच येते. ग्रीक परंपरेत ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावर स्वतंत्र ग्रंथ लिहून, वक्त्याचे शील, श्रोत्याचे भाव आणि प्रत्यक्ष युक्तिवाद अशी मन वळविण्याची तीन साधने सांगितली. आपल्याकडे असा एकच ग्रंथ दाखविता येत नसला, तरी विचाराची सामग्री नव्हती असे म्हणणे चुकीचे होईल. ती निरनिराळ्या शास्त्रांत विखुरलेली आहे, इतकेच.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त उपदेशाचे जे तीन प्रकार मानले आहेत ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. वेदासारखी वचने धन्याप्रमाणे आज्ञा करतात, म्हणून ती प्रभुसंमित. पुराणेतिहास मित्राप्रमाणे हित समजावून सांगतात, म्हणून ते सुहृत्संमित. काव्य प्रिय पत्नीप्रमाणे रस उत्पन्न करून मन वळविते, म्हणून ते कांतासंमित. हे वर्गीकरण काव्याचे श्रेष्ठत्व सांगण्यासाठी केले असले, तरी ते कागदपत्रांनाही लागू पडते. पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावर बुडून मृत्यू घडतात, म्हणून तेथे जाण्यास मनाई करणारे हुकूम प्रशासनास वेळोवेळी काढावे लागले आहेत. असा हुकूम हे प्रभुसंमित लेखन होय. त्यात कारण थोडक्यात असते आणि शिक्षेचा धाक स्पष्ट असतो. त्याच गावातील एखादा वृद्ध मनुष्य गतवर्षीची दुर्घटना सांगून पोरांना परतवितो, तेव्हा त्याचे सांगणे सुहृत्संमित होते. हेतू एकच असून रीती भिन्न आहेत, आणि लिहिणाऱ्याचे अधिकारस्थान बदलले की रीती बदलते.

याहून अधिक उपयुक्त सामग्री कौटिलीय अर्थशास्त्राच्या शासनाधिकारात आहे. राजाच्या नावाने पत्रे लिहिणाऱ्या लेखकासाठी तेथे लेखनाचे गुण व दोष सांगितले असून, पत्र कोणत्या हेतूने लिहिले जाते त्याचे तेरा प्रकार दिले आहेत. ते असे : निंदा, प्रशंसा, पृच्छा, आख्यान, अर्थना, प्रत्याख्यान, उपालंभ, प्रतिषेध, चोदना, सांत्व, अभ्यवपत्ती, भर्त्सन आणि अनुनय. मागणी करणे ती अर्थना, आणि ती नाकारणे ते प्रत्याख्यान. 'हे आपणांस शोभत नाही' अशा स्वरूपाचा बोल लावणे तो उपालंभ. संकटात साह्याचे वचन देणे ती अभ्यवपत्ती. आपले-परके हा भेद मिटवून धीर देणे ते सांत्व. आणि विनवून मन वळविणे तो अनुनय.

अर्थशास्त्राची पोथी उजेडात येऊन ग्रंथ छापला गेला तो १९०९ मध्ये. तेव्हा मराठेशाहीच्या फडावरील कारकुनांनी तो वाचला होता असे म्हणता येणार नाही. त्यांच्यापुढे मेस्तके आणि लेखनप्रशस्ती यांची परंपरा होती. कोणास कोणता मायना लिहावा, 'विज्ञापना' कोणी करावी व 'आज्ञा' कोणी, पत्राची लेखनसीमा कशी करावी, याचे बारीक नियम ती परंपरा शिकवीत असे. तरीही कौटिल्याचे हेतू आणि मराठी कागदांचे प्रकार यांत लक्षणीय मेळ दिसतो. विनंतीपत्रात अर्थना आहे, अभयपत्रात व कौलात अभ्यवपत्ती व सांत्व आहेत, ताकीदपत्रात प्रतिषेध व भर्त्सन आहेत. राज्यकारभाराच्या गरजा सारख्या असल्या की लेखनाचे हेतूही सारखे होतात, असा याचा अर्थ घ्यावयास हरकत नाही. म्हणून कोणताही जुना कागद हाती आला की त्यातील मजकूर खरा की खोटा हे विचारण्यापूर्वी, या तेरांपैकी कोणता हेतू त्याच्या मुळाशी आहे हे विचारणे इष्ट होय.

३

उत्तर कोकणातील प्रवर्तक लेखनाचा एक जुना नमुना म्हणजे 'महिकावतीची बखर'. वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. तिची सर्व प्रकरणे एका काळची वा एका हातची नाहीत. तिच्यातील जुना भाग केशवाचार्य यांचा असून तो शके १३७० चा, म्हणजे १४४८ चा आहे. त्या वेळी हा प्रदेश गुजरातच्या सुलतानांच्या अमलाखाली होता. मालाडचा देसला नायकोराव याच्या स्वप्नात देवीने येऊन महाराष्ट्रधर्म राखण्याची आज्ञा केली, त्याने ती केशवाचार्यांस कळविली, आणि मग गावोगावच्या लोकांस एकत्र करून त्यांच्या वंशावळी व कुळधर्म त्यांना सांगण्यात आले, असा बखरीतील कथाभाग आहे.

या कथेच्या सत्यासत्यतेचा विचार करण्यापूर्वी तिच्यातील युक्ती पाहावयास हवी. स्वप्नात देवाने येऊन सांगणे यास मराठीत 'दृष्टांत होणे' म्हणतात. हाच शब्द न्यायशास्त्रात अगदी निराळ्या अर्थाने येतो. ज्या गोष्टीविषयी सामान्य मनुष्य आणि परीक्षक या दोघांची बुद्धी सारखी असते, तो न्यायातील दृष्टांत. धूर दिसला तेथे अग्नी असतो, हे पटविण्यासाठी स्वयंपाकघराचे उदाहरण द्यावयाचे, कारण त्याविषयी वादी व प्रतिवादी यांचे दुमत नसते. महानुभाव पंथात या शब्दाला तिसरी छटा आली. केसोबासांच्या 'दृष्टांतपाठा'त श्रीचक्रधरांचे ११४ दृष्टांत असून सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक अशी त्यांची मांडणी आहे. तेथे दृष्टांत म्हणजे बोधासाठी सांगितलेली लहानशी गोष्ट, आणि दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीचा मूळ सिद्धांताशी घातलेला मेळ.

एकाच शब्दाचे हे तीन अर्थ योगायोगाने एकत्र आलेले नाहीत. स्वप्नातील साक्षात्कार असो, स्वयंपाकघराचे उदाहरण असो, की एखादी बोधकथा असो, तिन्ही ठिकाणी वक्ता श्रोत्यास अशा भूमीवर नेतो, जेथे त्या दोघांचे एकमत अगोदरच झालेले असते. नायकोरावाच्या श्रोत्यांना देवी मान्य होती, तिची आज्ञा मान्य होती, आणि स्वप्नातून आज्ञा होऊ शकते हेही मान्य होते. म्हणून स्वप्न सांगितल्याबरोबर वाद संपला. जे काम एरवी दीर्घ युक्तिवादाने करावे लागले असते, ते एका दृष्टांताने साधले.

दुसरी युक्ती वंशावळीची. वंशावळी ही आज आपणांस केवळ नावांची यादी वाटते. सभेत ती वाचली जात असे तेव्हा तिचे कार्य निराळे होते. अमुक कुळ अमुक ठिकाणाहून आले, त्याची देवता अमुक, त्याचे पूर्वज अमुक, असे ऐकताना प्रत्येक श्रोत्यास आपला मान आणि आपले कर्तव्य यांची एकाच वेळी आठवण दिली जाते. कौटिल्याच्या परिभाषेत ही प्रशंसा आहे, पण तिच्या पोटात चोदना आहे. 'तुम्ही असे होतात' या वाक्यात 'तुम्ही असे वागा' हे वाक्य दडलेले असते. बखरीतील वंशावळी तपासताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. नावांचा क्रम कदाचित अचूक नसेल. परंतु १४४८ मध्ये या किनाऱ्यावरील लोकांस कशाने प्रवृत्त करता येत होते, याविषयी ती यादी विश्वसनीय पुरावा देते.

४

प्रवर्तक लेखन हे एका पक्षाचे वा एका धर्माचे वैशिष्ट्य नव्हते, हे सांगणे येथे आवश्यक आहे. पोर्तुगीज अमलाच्या काळात ख्रिस्ती धर्मोपदेशकांनीही मराठीत याच हेतूने लिहिले. वसईच्या दक्षिणेस जशी ठाण्याची साष्टी आहे तशीच गोव्यातही साष्टी आहे. त्या गोव्याकडील साष्टीत राहिलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेसुइटाचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ग्रंथ ओवीबद्ध असून त्याची 'पुराण' ही संज्ञाच त्यातील पहिली युक्ती होय. श्रोत्यास जो साहित्यप्रकार पवित्र वाटतो त्याचाच आश्रय करून नवा आशय त्याच्यापुढे ठेवला आहे. ग्रंथाच्या आरंभी एका नवख्रिस्ती ब्राह्मणाच्या प्रश्नाचे निमित्त घेतले आहे. श्रोत्याच्या मनात जी शंका येण्याचा संभव, ती त्याच्याच प्रतिनिधीच्या तोंडी घालून मग तिचे उत्तर देणे, ही आपल्या शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांची परिचित रीती आहे. मराठी भाषेची थोरवी सांगणारी प्रसिद्ध उपमामालाही तेथेच येते. ती काव्य म्हणून सुंदर आहेच. शिवाय परदेशी लेखकाने श्रोत्यांच्या भाषेचा गौरव केल्यामुळे श्रोते व लेखक यांतील अंतर कमी होते. कौटिल्याने ज्यास सांत्व म्हटले आहे त्याच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे.

तात्पर्य, नायकोरावाचे स्वप्न सांगणारा बखरकार आणि ओवी रचणारा जेसुइट यांचे साध्य परस्परविरुद्ध असले, तरी त्यांची साधने एकाच भांडारातील आहेत. ज्यास साधनांची नावे ठाऊक आहेत त्यास दोघांचेही लेखन सारख्या समतोलपणे वाचता येते.

५

आता १७३७ ते १७३९ या कालखंडाकडे वळू. या मोहिमेविषयीची आपली साधने मुख्यतः तीन प्रकारची आहेत : पेशवे, त्यांचे सरदार आणि ब्रह्मेंद्रस्वामी यांच्यामधील पत्रव्यवहार, अंजूरकरांच्या कामगिरीस ठळक स्थान देणारी साष्टीची बखर, आणि पोर्तुगीज व इंग्रज यांचे कागद. पहिल्या दोन प्रकारांत धर्मरक्षणाचा स्वर प्रबळ आहे. फिरंग्यांच्या जुलमाचे वर्णन, देवस्थानांच्या विटंबनेची तक्रार, आणि यश आले ते ईश्वरकृपेने व स्वामींच्या आशीर्वादाने, अशी भावना या लेखनात पुन्हा पुन्हा भेटते.

यावरून अभ्यासकांनी दोन टोकाची अनुमाने काढलेली दिसतात. काहींनी प्रत्येक शब्द अक्षरशः स्वीकारून मोहिमेस निव्वळ धर्मयुद्धाचे रूप दिले. काहींनी तो सर्व भाग अलंकारिक म्हणून बाजूस सारला आणि महसूल, बंदरे व वतने एवढाच मोहिमेचा आशय ठरविला. दोन्ही पक्षांची अडचण एकच आहे. प्रवर्तक वचनाकडे कसे पाहावे याचा नियम त्यांच्यापाशी नाही.

हा नियम मीमांसकांनी घालून दिला आहे. वेदात काही वाक्ये विधीची असतात व काही स्तुतिनिंदेची. स्तुतिनिंदेच्या वाक्यांना त्यांनी 'अर्थवाद' हे नाव दिले. अर्थवाद निरर्थक नसतो. त्याचे कार्य विधीकडे मन वळविणे हे असते, आणि त्या विधीच्या संदर्भातच त्याचा अर्थ लावावयाचा असतो. पुढे अर्थवादाचे तीन भेद केले गेले. जे वचन दुसऱ्या प्रमाणाच्या विरुद्ध जाते, तो गुणवाद. उदाहरणार्थ, यज्ञातील खांबाला सूर्य म्हणणे. तेथे शब्दशः अर्थ न घेता तेजस्वितेसारखा गुण घ्यावयाचा. जे वचन दुसऱ्या प्रमाणाने अगोदरच सिद्ध आहे, तो अनुवाद. अग्नी हा थंडीवरील उपाय आहे, असे सांगणे या जातीचे. आणि ज्यास विरोधही नाही व अन्य आधारही नाही, तो भूतार्थवाद. इंद्राने वृत्रावर वज्र उगारले, ही कथा तशी. विरोधी पुरावा येईपर्यंत ती घडलेली गोष्ट म्हणून राहू द्यावयाची.

इतिहासाच्या साधनांस हा त्रिविध भेद लावून पाहावा.

पोर्तुगीज अमलात हिंदूंच्या धर्माचरणावर बंधने होती, ही तक्रार प्रथम घेऊ. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाली होती. १६८४ मध्ये तेथील व्हाइसरॉयने तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला होता. म्हणजे तक्रारीचा गाभा प्रतिपक्षाच्या स्वतःच्या हुकमांनी सिद्ध होतो. वर्णनात शब्दांची भडक योजना असली, तरी ही तक्रार अनुवाद होय, आणि ती अलंकार म्हणून टाकून देता येत नाही.

यानंतर, ख्रिस्ती धर्माचा समूळ उच्छेद हाच मोहिमेचा हेतू होता, अशी समजूत धर्मरक्षणाच्या आवेशपूर्ण भाषेवरून होण्याचा संभव असतो. येथे १७३९ चा तहनामा आडवा येतो. १६ मे १७३९ रोजी ठरलेल्या अटींनुसार पोर्तुगीज शिबंदीस शस्त्रांनिशी व सन्मानाने बाहेर पडण्याची मोकळीक मिळाली, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याचे अभय देण्यात आले. जो पक्ष पत्रांतून आवेशाने बोलत होता त्यानेच हा करार केला. तहनामा हा विधीच्या जातीचा कागद आहे. त्याने पक्षकार बांधले जातात. आवेशाची भाषा त्याच्या विरुद्ध जाते तेथे ती गुणवाद मानली पाहिजे. तिच्यातून लढणाऱ्यांचा उत्साह व निष्ठा घ्यावयाची. राज्याचे धोरण मात्र तहनाम्यातून घ्यावयाचे.

तिसरे उदाहरण सर्वपरिचित आहे. किल्ला हाती येत नाही असे पाहून चिमाजी आप्पांनी, निदान आपले मस्तक तरी तोफेने किल्ल्यात जाऊन पडेल असे करा, अशा आशयाचे निर्वाणीचे उद्गार काढले, असे सांगतात. या गोष्टीस विरोधी पुरावा नाही, आणि ती निःसंशय सिद्ध करणारा पुरावाही नाही. मग हा भूतार्थवाद होय. तो ग्रंथात अवश्य यावा, परंतु 'असे सांगतात' या शब्दांसह यावा. न्यायसूत्रांत अर्थवादाचे स्तुती, निंदा, परकृती आणि पुराकल्प असे चार प्रकार दिले आहेत. त्यांतील पुराकल्प म्हणजे पूर्वी असे घडले असे सांगून आज तसे करावयास लावणे. चिमाजी आप्पांचे हे उद्गार पुढील पिढ्यांसाठी पुराकल्प झाले, आणि त्या रूपाने ते इतिहासात खरोखरच कार्य करीत राहिले.

आकड्यांच्या बाबतीतही असाच विवेक हवा. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात ग्रँट डफने वसईच्या वेढ्यातील पोर्तुगीजांची मृत व जखमी मिळून हानी ८०० दिली असून, मराठ्यांनी आपली हानी ५,००० च्या वर असल्याचे मान्य केले आहे असे म्हटले आहे. मोठा व ठोकळ आकडा दिसला की अतिशयोक्तीचा संशय घ्यावा, हा सामान्य नियम योग्यच आहे. परंतु स्वपक्षाची हानी स्वपक्षानेच सांगितलेली असेल तर तिच्यामागे फुगविण्याचा हेतू कोणता, हेही विचारावयास हवे. विजयाचे मोल वाढविणे हा एक हेतू संभवतो. तरीही जी कबुली आपल्याच बाजूस कष्टदायक असते तिचे वजन सामान्यतः अधिक धरावे, हे न्यायनिवाड्यातील तत्त्व येथेही लागू पडते.

६

अर्थवादाचा विवेक झाल्यावर मूळ विधी कोणता हे ठरविण्याचे काम उरते. त्यासाठीही मीमांसेत सहा लिंगे सांगितली आहेत : उपक्रम व उपसंहार यांचा मेळ, अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा सांगणे, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. लेखाचा आरंभ व शेवट काय म्हणतो, कोणती गोष्ट वारंवार येते, कोणती गोष्ट फक्त येथेच सांगितली आहे, आणि अखेर कोणते फल मागितले वा दाखविले आहे, यांवरून तात्पर्य निश्चित करावयाचे. येथे एक मौज दिसते. कौटिल्याने पुनरुक्त हा लेखनाचा दोष मानला आहे, आणि मीमांसकांनी अभ्यास हे तात्पर्याचे गमक मानले आहे. फडावरील लेखकाने जे टाळावे, तेच वाचणाऱ्याने शोधावे, असा दोहोंचा समन्वय करता येईल. लिहिणारा कितीही सावध असला तरी जे त्याच्या मनात खोल असते ते लेखणीतून पुन्हा उमटते.

साष्टीच्या खटपटीचा या रीतीने विचार केला असता असे दिसते की धर्माचा प्रश्न व वतनाचा प्रश्न हे तेथे परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत. अंजूरकर नाईक व मालाडचे कावळे ही मंडळी स्थानिक वतनी वर्गातील होती. परकी अमलात त्यांचा अधिकार, मान आणि धर्माचार हे सारे एकाच वेळी संकटात आले होते. विजयानंतर अंजूरकरांना वतने व इनामे मिळाली, हे फल आहे. फल दिसले म्हणून अर्थवाद लबाडीचा ठरत नाही, आणि अर्थवाद उत्कट आहे म्हणून फलाकडे डोळेझाक करता येत नाही. अठराव्या शतकातील देसायास किंवा नाइकास 'धर्म' या शब्दात आपले वतनही अभिप्रेत होते. आजच्या वाचकाने ते दोन खण करून वाचले तर तो त्यांच्या शब्दाला त्यांचा नसलेला अर्थ देईल.

ज्या अनुनयास यश आले नाही त्याचेही एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. वेढ्याच्या काळात वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी मुंबईच्या इंग्रजांकडे साह्याची याचना केली. इंग्रजांनी सैन्य दिले नाही. चर्चमधील मौल्यवान भांडी आणि काही पितळी तोफा तारण घेऊन त्यांनी १५,००० रुपयांचे कर्ज मात्र दिले. किल्ला पडताच याच इंग्रजांनी त्वरा करून कॅप्टन इंचबर्ड यास चिमाजी आप्पांकडे पाठविले, आणि १२ जुलै १७३९ रोजी मराठ्यांशी तह केला. कॅप्टन गॉर्डन याची साताऱ्यास शाहू महाराजांकडे झालेली रवानगीही याच वर्षीची आहे. मराठ्यांच्या वाढत्या बळाची इंग्रजांस धास्ती होती, हे या हालचालींवरून स्पष्ट होते. तरीही त्या धास्तीने ते वसईच्या तटावर येऊन उभे राहिले नाहीत. दृष्टांताचे लक्षण येथे आठवावे. दोन्ही पक्षांची बुद्धी ज्या ठिकाणी सारखी असते तेथेच तो लागू पडतो. वसईच्या अधिकाऱ्यांना किल्ला हे सर्वस्व होते. व्यापारी कंपनीच्या दृष्टीने तो हिशेबातील एक बाब होती. ही समान भूमीच नव्हती, त्यामुळे याचनेतील कळकळ वाया गेली.

७

हा विचार केवळ जुन्या दप्तरांपुरता नाही. वसई परिसरात आज हिंदू आणि ख्रिस्ती समाज शेजारी शेजारी नांदतात. येथील ख्रिस्ती समाजाची घरची बोली मराठीच्या कुटुंबातील आहे, आणि त्यांचे लेखकही मराठीत लिहितात. १७३७ च्या पत्रांत 'फिरंगी' हा शब्द येतो तो पोर्तुगीज सत्तेस, तिच्या शिबंदीस आणि अधिकाऱ्यांस उद्देशून. तो शब्द वाचताना अनवधानाने आजच्या शेजाऱ्याकडे बोट गेले, तर तो त्या पत्राचा नव्हे, वाचणाऱ्याचा दोष होय. उलटपक्षी, कोणास अप्रिय वाटेल म्हणून त्या काळच्या बंधनांचा उल्लेखच टाळणे, हीही साधनांशी प्रतारणा ठरेल, कारण वर दाखविल्याप्रमाणे ती बंधने अनुवादाने सिद्ध आहेत. अनुवाद जपावा, गुणवादातील भाव घ्यावा, आणि भूतार्थवाद त्याच्या मर्यादेसह सांगावा, एवढी शिस्त पाळली तर सत्य आणि शेजारधर्म यांपैकी कशाचाही त्याग करावा लागत नाही.

या दिशेने पुढील काम पुष्कळ आहे. वसई प्रांतासंबंधीचे जे मराठी कागद छापले गेले आहेत, त्यांची तारीखवार जंत्री उपलब्ध असते. आता त्यांची हेतुवार जंत्री व्हावयास पाहिजे. कोणते पत्र अर्थनेचे, कोणते उपालंभाचे, कोणते सांत्वाचे, याची नोंद प्रत्येक पत्राच्या शिरोभागी असावी. मोहीम संपल्यावर शंकराजी केशव फडके यांच्याकडे वसईची सरसुभेदारी आली. त्यांच्या कारकिर्दीतील कागदांची मोहीमकाळातील पत्रांशी या दृष्टीने तुलना केल्यास, लढाईसाठी मने वळविणारी भाषा आणि उजाड गावे पुन्हा वसविणारी भाषा यांत काय फरक पडला, हे समजून येईल. चिंचोटी, कामण व अंजूर या पट्ट्यातील सामान्य कुणब्याच्या दृष्टीने या दुसऱ्या भाषेचे महत्त्व पहिलीहून थोडे नव्हते. किल्ला कोणाकडे गेला ते त्याला तोफांच्या आवाजावरून कळले असेल. पुढच्या पावसाळ्यात आपल्या शेतात नांगर घालावा की नाही, हे त्याला कौलाच्या कागदावरील शब्दांनी कळावयाचे होते, आणि त्या शब्दांवर विश्वास ठेवावा की नाही, हा निर्णय त्याचा त्यालाच करावयाचा होता.